ताण पिकाचा, ताण माणसाचा

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. त्यावर आपण बोलणारच आहोत. दुपारची वेळ त्यासाठी राखून ठेवली आहे. पण सकाळी मंडपात शिरताना आम्ही एक गोष्ट पाहिली. पेरणी होऊन अठरा दिवस झाले, पावसाने दडी मारली आहे. जो तो भेटल्याबरोबर एकच विचारतो, "तुमच्याकडे पाणी आहे का?" विचारणाऱ्याचा आवाज कोरडा. आणि उत्तर येईपर्यंत त्याचा श्वास छातीत अर्धवट अडकलेला. आज आम्ही त्या अर्धवट श्वासाविषयी बोलणार आहोत.

काही जण हसताहेत. हसायला हरकत नाही. "साहेब आता आम्हाला प्राणायाम शिकवणार, म्हणजे कर्जमुक्तीचे आंदोलन संपले," असे कुणी म्हणेल. तेव्हा पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो. श्वासाने कर्ज फिटत नाही, सोसायटीची नोटीस परत जात नाही, पाऊस येत नाही आणि कापसाचा भाव एका रुपयाने वाढत नाही. तसे सांगणारा कुणी तुमच्या गावात आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. शेतकऱ्याची चिंता ही मनाचा रोग नाही. ती हिशेबातून आलेली आहे आणि हिशेब बदलल्याशिवाय ती मुळापासून जाणार नाही.

मग आज हा विषय कशाला? कारण हिशेब बदलेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, शहाणा राहिला पाहिजे आणि रात्री चार तास झोपला पाहिजे.

ज्वारी काय करते, पऱ्हाटी काय करते

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. 'ताण' हा शब्द आमच्या पुस्तकात पिकासाठी होता. पाण्याचा ताण, उन्हाचा ताण. माणसालाही ताण असतो, हे पुस्तकात नव्हते.

पावसाचा खंड पडला की ज्वारी काय करते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पाने गुंडाळते, वाढ थांबवते, मुकाट उभी राहते. पाऊस आला की पुन्हा पाने उघडते आणि चालू लागते. पऱ्हाटीचा स्वभाव निराळा. तिला ताण सोसला नाही की पाते गाळते, बोंडे गाळते. पण ताणात दोन्ही पिके एक काम सारखेच करतात. पानावरची बारीक छिद्रे, ज्यांतून झाड हवा घेते आणि वाफ सोडते, ती मिटून घेतात. पाणी वाचावे म्हणून. दुपारच्या दोन तासांपुरते हे शहाणपणाचे आहे. पण छिद्रे दिवसचे दिवस मिटलेली राहिली तर हवा आत जात नाही, पानात अन्न तयार होत नाही आणि झाड उपाशी मरू लागते. जीव वाचवण्याची युक्तीच जिवावर उठते.

माणसाचे असेच आहे. वावरात साप दिसला की छाती धडधडते, श्वास जलद होतो, हातापायांत बळ येते, पोटातली भूक पळते. हे चांगले आहे. त्यामुळेच आपले पूर्वज वाचले. साप गेला की पाच-दहा मिनिटांत सगळे निवते. पण बँकेचा हप्ता हा असा साप आहे की तो जातच नाही. तो रात्री उशाशी बसतो. मग शरीर महिनोन् महिने सापासमोर उभे राहिल्यासारखे राहते. झोप नाही, पोटात गोळा, मानेत ताठा, लेकराच्या एका शब्दावर अंगावर धावून जाणे. या अवस्थेत माणूस सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा देतो, मिळेल त्या भावात कापूस घालतो, दुकानदार म्हणेल ते औषध उधारीवर आणतो. चिंतेने घेतलेला निर्णय चिंता वाढवणाराच असतो.

ताण सगळाच वाईट, असेही नाही. संत्र्याला मृगाचा बहार धरायचा तर पाणी तोडून ताण द्यावाच लागतो. पण बागवाला ताण मोजून देतो. किती दिवसांनी तो तोडायचा, हे ज्याला कळत नाही त्याची बाग वाळते. आपल्याला आपला ताण तोडायचे साधन हवे आहे.

आमच्यावर आलेली रात्र

हे आम्ही पुस्तक वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, रात्री दोन वाजता आम्ही बाजेवरून उठून बसलो. छाती फुटेल अशी धडधड, हाताच्या बोटांना मुंग्या, ओठ बधिर, श्वास पुरेना. आता आपण मेलो अशी खात्री. जीपने जिल्ह्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. आम्ही तोंडाने भरभर श्वास ओढतच होतो. एक वयस्क सिस्टर जवळ आली. म्हणाली, "भाऊ, घेऊ नका. सोडा. जितका हळू सोडता येईल तितका सोडा." तिने आमच्या पोटावर हात ठेवला आणि स्वतः मोजत राहिली. दहा मिनिटांत बोटांच्या मुंग्या गेल्या.

आम्हाला लाज वाटली. हजारांच्या सभेत बोलणारा माणूस, आणि घाबरला? आम्ही कुणाला सांगितले नाही. त्याच वर्षी आमचा एक जुना कार्यकर्ता संध्याकाळी घरी आला. कापसाचा भाव काय राहील, विचारले. आम्ही भाव सांगितला. बसला, पाणी प्याला, गेला. चौथ्या दिवशी निरोप आला की त्याने जीव दिला. तो भाव विचारायला आला नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळले. आपली ती रात्र आम्ही त्याला सांगितली असती, तर त्याने आपली सांगितली असती काय? ठाऊक नाही. पण आम्ही गप्प राहिलो, एवढे खरे. म्हणून आज बोलतो आहोत.

श्वासाची वेसण

शरीरात मज्जातंतूंच्या दोन वाटा आहेत. एक उठवणारी, एक निववणारी. पहिली म्हणजे बैलाला पराणी टोचावी तशी. ती हृदयाला पळवते. दुसरी वेसण ओढावी तशी. ती त्याला आवरते. या दोन्हींवर आपला हुकूम चालत नाही. हृदयाला 'हळू चाल' म्हणता येत नाही, पोटाला 'पचव' म्हणता येत नाही, घामाला 'थांब' म्हणता येत नाही. एक श्वासच असा आहे की तो आपोआपही चालतो आणि सांगितले तर ऐकतोही. म्हणून वेसणीचा दोर श्वासातून हाती येतो.

खोटे वाटत असेल तर आत्ता मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहा. श्वास आत घेताना ती किंचित जलद होते, सोडताना किंचित मंद होते. बसल्या जागी माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ते सहावर आणले आणि सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला, की निववणाऱ्या वाटेचे काम वाढते. सगळा प्राणायाम या दोन वाक्यांत मावत नाही. पण चिंतेपुरते आपल्याला एवढे पुरे आहे.

हे तपासून पाहण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रात फार लवकर सुरू झाले. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. योग चमत्कार म्हणून सांगायचा नाही, क्ष-किरण आणि रक्तदाबाची यंत्रे लावून मोजायचा, हा त्यांचा आग्रह. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करून प्रयोगांचे निष्कर्ष छापायला घेतले.

पुढे २००१ साली इटलीतल्या संशोधकांचा एक प्रयोग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा योगातला मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय सुधारली. देव वेगळे, भाषा वेगळी, श्वास तोच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२३ साली रोज पाच मिनिटे, महिनाभर, असा प्रयोग झाला. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली. पण मन प्रसन्न होण्यात लांब श्वास सोडणाऱ्यांचा गट पुढे राहिला.

आपल्या आजीला हे कुणी शिकवले नव्हते. जात्यावर बसून लांब ओवी म्हणताना ती एका श्वासात ओळ सोडतच होती. हरिपाठ म्हणणारा तेच करतो, कुराण सुरात पढणारा तेच करतो. विहारात आनापान करणारा श्वासावर जोर करत नाही, नुसता पाहतो. तरी तो आपोआप मंदावतो. म्हणून ही गोष्ट कुणा एका धर्माची, एका पक्षाची म्हणून आम्ही मांडत नाही.

तीन रीती

आता करून पाहू. खुर्चीवर, धुऱ्यावर, बाजेवर, कुठेही चालेल. सतरंजी नको, खास कपडे नकोत.

पहिली रीत, लांब उच्छ्वास. एक हात बेंबीवर ठेवा. तोंड मिटा. नाकाने श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा. पोट वर आले पाहिजे, खांदे नाहीत. आता नाकानेच सोडा, सहापर्यंत मोजा. श्वास कोंडायचा नाही, छाती ठासून भरायची नाही. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. चार आणि सहा जड वाटले तर तीन आणि पाच करा. पाच मिनिटे सकाळी, पाच मिनिटे रात्री.

दुसरी रीत, भ्रामरी. भ्रमर म्हणजे भुंगा. नाकाने श्वास घ्या आणि ओठ मिटून, दात न आवळता, भुंग्यासारखा गुणगुणता आवाज काढत सोडा. आवाज मोठा नको. शेजारच्याला ऐकू गेला नाही तरी चालते. गुणगुणत राहिले की श्वास आपोआप लांबतो, मोजावा लागत नाही. पाच-सात वेळा करा. डोक्यात विचारांचे चक्र फिरत असते तेव्हा ही रीत विशेष उपयोगाची.

तिसरी, अनुलोम-विलोम. उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटा, डावीने श्वास घ्या. मग अनामिकेने डावी मिटा, उजवीने सोडा. उजवीनेच घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. दहा आवर्तने पुरेत. सर्दी असेल, नाक चोंदले असेल तर त्या दिवशी करू नका.

बहिणींनो, तुमच्यासाठी वेगळी रीत नाही, पण वेगळे सांगणे आहे. हप्त्याची चिंता घरधनी करतो, असे सगळे म्हणतात. संध्याकाळी पिठाचा डबा पाहून भाकरी किती, हा हिशेब तुम्ही करता. त्याची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर नाही. चुलीपाशी बसून पहिली रीत करता येते. निंदणाच्या ओळीतही, कुणाला न कळता.

आता, काय करू नका. कपालभाती, भस्त्रिका हे जलद श्वासाचे प्रकार घाबरलेल्या माणसासाठी नाहीत. रक्तदाबाचा, हृदयाचा, फिटचा आजार असेल, किंवा पोटुशी बाई असेल, तर मुळीच नाहीत. घाबरून भराभर श्वास ओढला की रक्तातला कर्बवायू फार कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, गरगरते. माणसाला वाटते श्वास कमी पडतो, म्हणून तो आणखी ओढतो. म्हणून घाबरलेल्याला 'जोरात श्वास घे' म्हणू नका. सिस्टरने आम्हाला सांगितले तेच सांगा, 'हळू सोड.'

आणि तहान लागल्यावर विहीर खणू नका. रोज करणाऱ्यालाच वेळेवर जमते. आधी चाचणीचा वाफा करून पाहा. वहीत पंधरा दिवस लिहा: झोपताना मिनिटाला श्वास किती, झोप किती वाजता लागली, रात्री किती वेळा उठलो. फरक पडला तर चालू ठेवा. नाही पडला तर सोडून द्या आणि आम्हाला सांगा.

श्वास कुठे पुरत नाही

आता आम्ही शेतीशास्त्राचे विद्यार्थी म्हणून बोलतो. फवारणीच्या दिवसांत श्वास लागला, तर प्राणायाम करत बसू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसे गेली, ती आपण विसरलो नाही. फवारणीनंतर घाम सुटणे, तोंडाला लाळ, अंधूक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, उलटी, छातीत घरघर, ही विषाची लक्षणे आहेत, चिंतेची नाहीत. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. छातीत कळ येऊन डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तरी तेच. आधी डॉक्टर, मग श्वास. आमची नुसती भीती होती, हे कार्डिओग्राम काढल्यावर कळले. आधी कळले नव्हते.

दुसरे. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, दारू वाढली, 'माझे घरच्यांना ओझे झाले' असे बोलणे आले, तर तो माणूस पाच मिनिटांच्या भ्रामरीने बरा होणार नाही. त्याला उपचार हवा, आणि उपचार होतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलीच माणसे तयार करून घरोघर पाठवली. आधी उदासीच्या आजाराच्या १०० जणांपैकी जेमतेम ४ जण मदतीपर्यंत पोचत होते. प्रकल्पानंतर २७ पोचले. हे २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात छापून आले आहे. म्हणजे आपला शेतकरी बोलत नाही हे खोटे. विचारणारा दारात आला की बोलतो.

म्हणून विचारा. सरळ विचारा, "जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते काय?" विचारल्याने तो विचार नव्याने मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे डबे त्याच दिवशी उचलून दुसरीकडे कुलपात ठेवा. आणि १४४१६ या नंबरावर फोन लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते. हा नंबर आज प्रत्येकाने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घ्यावा.

शेवटचे

दर वर्षी २१ जूनला योगदिन होतो, २०१५ पासून. शहरात मैदाने भरतात, फोटो छापून येतात. आपण त्या दिवशी तिफणीमागे असतो, नाहीतर आभाळाकडे पाहत असतो. कुणी त्या दिवसाचे निमित्त करून म्हणेल की शेतकऱ्याला भाव नको, मनःशांती हवी, तर त्याला आपले उत्तर तयार आहे: दोन्ही हवे. घामाचा भाव मागताना आमचा श्वास शांत असेल, एवढेच. घाबरलेल्या माणसाला हाकणे सोपे असते. शांत माणूस कागद वाचतो, प्रश्न विचारतो आणि सही करायची नसेल तर करत नाही.

म्हणून एक ठराव मांडतो. यापुढे गावच्या प्रत्येक बैठकीची पहिली पाच मिनिटे अशी शांत बसून सुरू करावी. आणि प्रत्येक गावात दोन माणसांनी, त्यांत एक बहीण असावी, महिन्यातून एकदा घरोघर जावे. भाव सांगायला नव्हे, झोप लागते का विचारायला. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत.

हात पाहिले. आता हात खाली घ्या, बेंबीवर ठेवा. चारपर्यंत घ्या, सहापर्यंत सोडा. पाच मिनिटे. नंतर जेवण, आणि जेवणानंतर कापसाचा भाव.